अप्पांच्या विहिरीतला पांढरा थर

मला विहिरीची भीती वाटते. नोकरीत असेपर्यंत हे मी खात्यात कुणापाशी बोलले नाही. भूशास्त्र शिकलेल्या आणि पाण्याच्या सरकारी खात्यात हयात घालवलेल्या बाईनं असं म्हटलं असतं, तर साहेबांनी मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं असतं. परभणी जिल्ह्यात गंगाखेड, पालमच्या बाजूला मी इतक्या विहिरींत उतरले की मोजायचं सोडून दिलं. तरी दर वेळी पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी मी काहीतरी निमित्त काढून रेंगाळायची. आता निवृत्त झाले आहे, पेन्शन चालू आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

लोकांना आमचं काम म्हणजे पाणी दाखवणं एवढंच वाटतं. त्या बाबतीत आमची स्पर्धा तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरणाऱ्या पाणाड्याशी. शेतकरी आधी त्याला बोलावणार, जागा ठरवणार आणि मग मला विचारणार, "मॅडम, हितंच हाय न्हवं?" पाणी लागलं तर पाणाड्याचं, नाही लागलं तर सरकारचं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण पाण्याच्या निमित्तानं मला दगड बघायला मिळत होते.

आपल्या मराठवाड्याखाली सगळा काळा दगड आहे. एके काळी तो लाव्हा होता. जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. टोपल्यात भाकरीवर भाकरी रचावी तसे हे थर. पण दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधी कधी मोठी उसंत मिळे. खळग्यांत पाणी साचून तळी होत, त्यांत गोगलगायी नांदत, तळाशी चुन्याचा मऊ गाळ बसे. मग पुन्हा लाव्हा येई आणि तळ्यावर कायमचं झाकण पडे. तो गाळ काळ्या दगडांच्या मध्ये पांढरा थर होऊन राहिला. ही सगळी डायनोसॉरच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. त्या काळाचं नावच क्रिटेशिअस, म्हणजे खडूचा काळ. आमच्याकडचा थर म्हणजे काही खरा खडू नव्हे, पण पाटीवर ओढला तर उमटतो.

अशा थराला नाव द्यायचं तर त्याचे नियम आहेत. साहेबाचं, नवऱ्याचं, देवाचं नाव चालत नाही. नकाशावर असलेल्या एखाद्या गावाचं किंवा ओढ्याचं नाव घ्यावं लागतं. आणि एक जागा अशी दाखवावी लागते, जिथं थराचा माथा आणि तळ दोन्ही उघडे दिसतात. ती जागा पुढंही उघडीच राहायला हवी, म्हणजे उद्या दुसरा कुणी येऊन पडताळा घेईल. बारसं करायचं तर मूल पाळण्यात दिसायला हवं, इतकं साधं आहे ते.

हा पांढरा थर मी वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी बघत होते. पालमजवळ रस्त्याच्या खोदाईत त्याचा वीतभर माथा दिसला होता. राणीसावरगावच्या बाजूला विहिरींच्या उपशात त्याची ढेकळं सापडायची, पण विहिरी बांधून काढलेल्या, त्यामुळे थर भिंतीमागं. नाव मात्र मी मनात ठरवून ठेवलं होतं. त्या शिवारातून उमरदऱ्याचा ओढा जातो, म्हणून उमरदरा थर. नोकरीत माझ्या नावावर टंचाईचे अहवाल आणि आटलेल्या बोअरचे तक्ते यापलीकडे काही जमा नव्हतं. जाण्यापूर्वी एक नाव आपण ठेवलेलं असावं, एवढीच हाव होती मला. माणसं घरावर नाव लावतात, मला दगडावर लावायचं होतं.

निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात मन्मथअप्पांच्या विहिरीची बातमी आली. राणीसावरगावच्या अलीकडं त्यांचं शेत. विहीर जुनी, दगडानं बांधलेली. मागच्या पावसात तिची एक बाजू ढासळली आणि बांधकामामागं लपलेला थर उघडा पडला. मी गेले, काठावरून पाहिलं आणि भीती क्षणभर विसरले. वर काळा दगड, मधे पुरुषभर उंचीचा स्वच्छ पांढरा पट्टा, आणि खाली ढासळलेल्या मलब्याचा टप्पा. थराचा तळ तेवढा त्या टप्प्याच्या कडेला, पाण्याखाली होता. उन्हाळ्यात पाणी आणखी उतरलं की तोही दिसणार होता. मला फक्त थांबायचं होतं.

अप्पांचं घर शिवभक्तांचं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. विहिरीच्या पोटातून अशी पांढरीशुभ्र, पिठासारखी मऊ वस्तू निघालेली पाहून त्यांना दुसरं काय वाटणार? पहिल्या दिवशी त्यांनी चिमूटभर कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायका येऊन पदरात घेऊन गेल्या. मग कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून पाठवला आणि सोमवारी गंगाखेडपासून माणसं येऊ लागली. विहिरीच्या धड बाजूला पायऱ्या होत्या. त्यांवरून उतरायचं, टप्प्यावर उभं राहून खुरप्यानं, चमच्यानं थर खरवडायचा आणि पुडीत बांधून न्यायचा. अप्पा कुणाकडून काही घेत नसत. देवाच्या वस्तूचं कसलं घ्यायचं, असं म्हणून काठावरच्या लिंबाखाली बसून येणाऱ्याला पाणी द्यायचे.

दुसऱ्यांदा गेले तो शुक्रवार होता. विहिरीपाशी अप्पांच्या पत्नी महानंदाबाई एकट्याच होत्या. त्यांनी मला उतरताना पाहिलं आणि म्हणाल्या, लवकर वर या. त्यांच्या बोलण्यात पाहुणचार नव्हता, काळजी होती. मी जीव मुठीत धरून उतरले.

आमच्या कामात थर वाचायचा तो खालून वर. टेप लावायचा, रंग लिहायचा, बोटांत चुरून कण बघायचा, भिंगातून शिंपले शोधायचे, कधी जिभेवर ठेवायचा. मी तेच करत होते. गोगलगायींचे चिमुकले शिंपले जागोजागी होते, काही इतके धड की आत्ताच रिकामे झाले असावेत. थराचा माथा मात्र विटेसारखा भाजलेला, टणक. वरून लाव्हा आला तेव्हा भाजला तो. त्या भाजक्या कडेवर हात ठेवला आणि मला एकदम जाणवलं की ज्या दगडानं या तळ्याचा जीव घेतला, तोच आत्ता माझ्या डोक्यावर आहे.

मग मी नीट पाहिलं. लोकांनी खरवडून खरवडून पांढऱ्या थरात खोल कपार केली होती. माझा हात आत खांद्यापर्यंत गेला तरी पुढं पोकळच. खालचा आधार गेल्यामुळं वरचा काळा दगड ओट्याच्या फळीसारखा अधांतरी उभा होता. आणि त्या दगडाच्या मागच्या अंगाला वरून खाली एक चीर गेलेली. मी घडीची पट्टी त्या चिरेत घातली. ती अडकली नाही, सरळ आत गेली. तेवढ्यात खड्याची बारीक झड माझ्या मानेवर पडली.

पायऱ्या चढून वर कशी आले ते आठवत नाही. महानंदाबाईंनी मला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमी त्येंला सांगा, ह्यो दगड हाय म्हणून. बांधून घ्या म्हणलं तर ते म्हणतेत, देवावर शिमिट कसं टाकू. तुमचं ऐकतेत ते. सोमवार आला की माझ्या पोटात अन्न जाईना. बाया लेकरं काखंला मारून उतरायलेत."

सोमवार तीन दिवसांवर होता. आणि माझी पंचाईत पाहा. मी दगड म्हटलं आणि अप्पांनी ऐकलं, तर विहीर बांधली जाणार, थर सिमेंटमागं कायमचा जाणार, आणि त्याच्याबरोबर माझं नावही. मी गप्प राहिले, तर पाणी उतरेल, तळ दिसेल, माझं वर्णन पुरं होईल. तोवर दगड टिकला तर. खोटं कशाला बोलू, त्यांच्या घरी चहा होईपर्यंत माझ्या मनात दोन्ही पारडी खालीवर झाली. मग महानंदाबाई चहा घेऊन आल्या. कप पुढं करत त्यांनी एवढंच विचारलं, "सांगताव न्हवं?"

अप्पा शेतातून आले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले. शरणार्थ म्हणून नमस्कार झाला. मी थराचं ढेकूळ पुढं ठेवलं आणि तळ्याची, गोगलगायींची, लाव्ह्याची सगळी गोष्ट सांगितली. पुरावा म्हणून पिशवीतल्या बाटलीतल्या आम्लाचा एक थेंब त्यावर टाकला. चुनखडीवर आम्ल पडलं की ते फसफसतं, आमची ही रोजची परीक्षा. ढेकूळ फसफसलं आणि अप्पांनी हात जोडले. माझ्या शास्त्रानं त्यांचा देव जागृत असल्याचंच सिद्ध केलं.

"अप्पा, हा दगड आहे," मी म्हटलं.

"असंल की," ते शांतपणे म्हणाले. "आमी भस्म कशाचं करताव? गाईच्या शेणाचं. शेण हाय हे ठाव असून कपाळाला लावताव. तुमी दगड म्हणलाव म्हणून काय बिघडलं?"

महानंदाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मग जे आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं तेच तोंडून निघालं. मी म्हटलं, "अप्पा, मला भीती वाटते. विहिरीत उतरायची नेहमीच वाटते, पण आजच्यासारखी कधी वाटली नाही. तो दगड कशाच्या आधारावर उभा आहे, ते मला कळत नाही. कधी पडेल तेही सांगता येणार नाही. पण पडणार आहे."

अप्पांनी ते ढेकूळ उचलून माझ्यापासून लांब ठेवलं. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी विचारलं, "तुमी इतक्या भ्येता, तर उतरता कशाला?"

मी नावाची गोष्ट सांगितली. उमरदरा थर, माथा, तळ, उघडी जागा, सगळे नियम. बांधकाम झालं तर ते नाव होणार नाही, हेही सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"म्हंजी बुजवलं तर तुमचं बी जातंय," ते म्हणाले. आणि बायकोकडं न बघता, "मला बी भ्या वाटतंय. विहिरीची ती भीत पडली तसा ह्यो दगड बी ढासळंल म्हणून मी पहिल्या दिसापासून उतरलो न्हाई. लोकाला उतरू दिलं आन मी लिंबाखाली बसलो."

दारातून महानंदाबाई आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

शनिवार-रविवार मी गंगाखेडला घरी काढले. डोळा लागला की खड्यांची झड ऐकू यायची. सोमवारी पहिल्या एसटीनं गेले. अप्पा विहिरीच्या पहिल्याच पायरीवर मांडी घालून बसले होते, वाट पूर्ण अडवून. माणसं आली, जमली, हात जोडून विनवू लागली. अप्पा एकच सांगत, आता खाली जायचं न्हाई. एक म्हातारा चिडून म्हणाला, देवाचं तुम्ही एकट्यानं कसं अडवता? कुणी म्हणालं, सरकारच्या बाईनं फितवलं. कुणी माझ्याकडं बोट दाखवून आणखी काही म्हणालं. एका बाईचं मूल तापानं फणफणलेलं होतं, ती नुसती रडत बसली. तिच्याकडं बघून अप्पा उठतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी स्वतःच्या कपाळावरचं भस्म बोटानं काढून मुलाला लावलं, पण जागा सोडली नाही.

त्या दिवशी दगड पडला नाही. संध्याकाळी लोक जाताना मला ऐकू जाईल अशा बेतानं हसत होते. आमच्या धंद्यात हे असंच. धोका आहे म्हणावं आणि काही होऊ नये, तर आपण वेडे. आणि झालं तर आपण पांढऱ्या पायाचे.

अप्पा बांधकामाला तयार झाले, पण पुढचा पेच वेगळा होता. बांधकाम करायचं तर माणसं त्याच दगडाखाली उभी राहणार. विहिरीची कामं करणाऱ्या टोळीचा मुकादम हरिबा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, बोलायला कमी. त्यानं काठावरून पाहिलं आणि सांगितलं, आधी हा दगड पाडावा लागंल. वरून दोराला बांधून उतरायचं, दगडाच्या मागच्या चिरेपाशी मशीननं भोकं घ्यायची आणि सुरुंगानं उडवायचा. म्हणजे पांढरा थरही ढिगाखाली जाणार. तळ आता कुणालाच दिसणार नव्हता. मी मान हलवली. कुणी माझी परवानगी मागितली नव्हती, तरी हलवली.

हरिबा स्वतः उतरला. कमरेला दोर, दोर क्रेनला. उतरण्यापूर्वी त्यानं काठावरच्या सगळ्यांना बजावलं, "वरून नावानं हाक मारायची न्हाई. नाव घेतलं की माणूस वर बघतंय, आन जे पडायचं ते तोंडावर पडतंय. लागलंच तर टोपलं बडवा." विहिरीवर काम करणाऱ्यांचा हा रिवाज. आपल्या एखाद्या माणसाचं दगडानं फुटलेलं तोंड पाहूनच त्यांनी तो पाडला असणार.

मशीन सुरू झालं आणि काठाला कंप आला. मी समोरच्या बाजूला, काठापासून जरा मागं, पण चीर दिसेल अशी उभी होते. पहिलं भोक निम्मं झालं असेल. चिरेतून मातीची रेघ सुटली, पिठाच्या चाळणीतून सुटावी तशी, आणि थांबेना. अप्पांनीही ती पाहिली. ते पुढं वाकले, "हरिबा" म्हणायला त्यांचं तोंड उघडलं, आणि महानंदाबाईंनी मागून येऊन नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला. भावकीच्या देखत, डोक्यावरचा पदर पडलेला. दुसऱ्या हातानं त्या दगड घेऊन लोखंडी टोपलं बडवत होत्या. क्रेनवाल्यानं दोर ओढला. हरिबा मान छातीत खुपसून, भिंतीला पाठ घासत वर आला. त्याचे पाय काठाला लागले, आणि दगड निघाला.

आवाज मी आधी पायांत ऐकला, मग कानांत. जिथं सोमवारी बायका लेकरं घेऊन उभ्या राहायच्या तो टप्पा, कपार, पांढरा थर, सगळं एका झटक्यात दिसेनासं झालं. नंतर विहिरीतून पांढरी धूळ वर आली आणि आमच्यावर बसली. हरिबाचे केस पांढरे, अप्पांचं मुंडासं पांढरं, माझी पर्स पांढरी. महानंदाबाई अजून टोपलं बडवत होत्या. अप्पांनी त्यांचा हात धरून थांबवला, तेव्हा त्या खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या.

मलाही रडू आलं, आणि ते सगळंच्या सगळं हरिबासाठी नव्हतं, हे मी इथं लिहून टाकते.

आठ-पंधरा दिवसांत ढिगाचा वरचा भाग उपसून, खालचा तसाच ठेवून ती बाजू सिमेंटनं बांधून झाली. शेवटच्या दिवशी अप्पांनी मला मुद्दाम बोलावलं. काठाच्या ओल्या सिमेंटवर गवंडी खिळ्यानं मालकाचं नाव कोरतो, तशी पद्धत आहे. अप्पा म्हणाले, माझं नको, मॅडमनं ठेवलेलं नाव लिही. मी सांगू लागले की तसं चालत नाही, थर झाकला गेला, आता नियमानं ते नाव धरत नाहीत. ते म्हणाले, "आमच्यात माणूस गेलं की मातीत बसवतेत आन वर बांधून घेतेत. दिसंना झालं म्हणून त्येचं नाव पुसतेत व्हय?" गवंड्यानं कोरलं: उमरदरा थर. मी शेवटच्या अहवालात मात्र 'एक निनावी चुनखडीचा थर, सध्या अदृश्य' एवढंच लिहिलं आणि निवृत्त झाले.

परवा, दोन वर्षांनी, त्या बाजूला लग्नाला गेले होते. परतताना विहिरीवर गेले. काठावरच्या कोरीव अक्षरांवर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, खाली फुटलेल्या नारळाच्या करवंट्या, उदबत्तीची राख. अप्पा घरी नव्हते. एक अनोळखी बाई चप्पल काढून हात जोडत होती. तिच्या शेतात विहिरीचं काम निघायचं होतं, म्हणून आधी इथं नारळ वाढवायला आली होती. ती म्हणाली, ह्या देवाचं नाव घेतल्याबगर हितं आता कुणी हिरीला कुदळ लावीत न्हाई.

मी काठापासून जरा लांबच उभी होते. तिनं मला विचारलं, "बाई, तुमी हितल्याच का? ह्या देवाला काय चालतंय, काय न्हाई, ठाव हाय का तुमाला?"

मी म्हटलं, "कडक आहे. लांबूनच हात जोडायचे. बांधकाम सुटलेल्या विहिरीत कुणी उतरलेलं त्याला मुळीच चालत नाही."

ती घाबरून दोन पावलं मागं सरली. मला बरं वाटलं.